पिल्लाचे जंत आणि वडखळची ओली माती

कुत्र्याच्या पिल्लाचे पोट फुगते, अंगावर मांस धरत नाही, विष्ठा कधी पातळ तर कधी काळपट होते आणि उलटीतून पांढरे, शेवयांसारखे जंत पडतात. औषध दिले की आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि मग सगळे पुन्हा सुरू होते. कोकणात हा आजार जुना आहे, आणि त्यावरच्या उपायांचा इतिहासही तितकाच लांब आहे. त्या इतिहासात औषधे एकामागून एक बदलत गेली. पिल्लू मात्र बराच काळ तसेच आजारी पडत राहिले, कारण उपचार पोटावर चालला होता आणि आजार मातीतून व आईकडून येत होता.

पेण तालुक्यातील वडखळ हे या आजाराचे घर म्हणावे असे ठिकाण आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता इथे फुटतो. एका अंगाला अंबा नदी आणि धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले, पण पाऊस तोच राहिला: चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर. नाक्यावरच्या खानावळींच्या उष्ट्यावर कुत्री पोसली जातात, त्यांची पिल्ले पावसाळ्याच्या आगेमागे पडवीत, गोठ्याच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीखाली जन्मतात. सावली, ओल आणि ऊब या तिन्ही गोष्टी जंताच्या अंड्यांना लागतात, आणि त्या तिथे आयत्या मिळतात.

इथल्या जमिनीचे दोन प्रकार शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत: बांध घालून खाडीपासून राखलेली खार, आणि गावालगतची गोडी जमीन. आतड्याला चावून रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीची अळी मात्र मिठाला टिकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत माणसांमध्ये या कृमीची साथ आली, तेव्हा हाल्डेन आणि बॉयकॉट या संशोधकांनी तिचा तपास केला. समुद्राखाली गेलेल्या लेव्हंट खाणीत खारे पाणी झिरपत असे. तिथे हा रोग पसरला नव्हता. वडखळच्या खारटाणालाही हाच नियम लागू पडावा. पण कुत्री खारटाणात वितच नाहीत. ती गोड्या, सावलीच्या, माणसाच्या पायाखालच्या मातीत वितात. त्यामुळे मिठाच्या शेजारी राहूनही पिल्लाला त्याचा काही लाभ नाही.

जंतांविषयीचे जुने ज्ञान माणसासाठी रचलेले होते. चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांच्यावरील उपचाराचे तीन भाग: कृमी ओढून बाहेर काढणे, ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थिती मोडणे, आणि ज्या कारणाने ते झाले ते टाळणे. कृमीचा नाश करणाऱ्या द्रव्यांत तिथे विडंगाला, म्हणजे वावडिंगाला, पहिला मान आहे. औषधापूर्वी दूध, गूळ, तीळ, मासे असे पदार्थ खाऊ घालून कृमींना कोठ्यात आणावे आणि मग रेचक द्यावे, असाही विधी आहे. घरोघरच्या रीतीत यातले पहिले दोन भाग उतरले. तान्ह्या मुलाला वावडिंगाचे पाणी पाजणे महाराष्ट्रात अजून चालते. पळसाच्या बिया म्हणजे पळसपापडी, सह्याद्रीच्या रानात मिळणारा शेंद्रीच्या फळावरचा तांबडा कपिला, किरमाणी ओवा, कडुनिंब, कारले ही सारी त्याच पेटीतली औषधे. माणसासाठी आणलेले औषध उरले तर ते वासरालाही मिळे आणि पिल्लालाही.

ही औषधे निरुपयोगी नव्हती. किरमाणी ओव्यातून मिळणारे सँटोनिन गोल जंतांवर खरोखर चाले आणि युरोपातही ते दीर्घकाळ अधिकृत औषध होते. कपिला रेचक आहे आणि पट्टकृमीवर वापरला जाई. अडचण मात्रेची होती. मोठ्या माणसाच्या चिमटीने अर्धा किलोच्या पिल्लाला रेचक दिले तर जंतांआधी अंगातले पाणी निघून जाई. आणि चरकाचा तिसरा भाग, कारण टाळण्याचा, रीतीत मागे पडला. कारण काय, याविषयी लोकांची समजूत वेगळीच होती. गोड खाल्ल्याने जंत होतात, दुधाने होतात, माती खाल्ल्याने होतात, असे मानले जाई. गुळाचा दोष नव्हता. मातीचा होता, पण तोही पूर्ण नव्हे: रक्त कमी झालेले पिल्लू माती चाटते, म्हणजे माती खाणे हे आजाराचे कारणही असते आणि लक्षणही. दुधाविषयीची समजूत मात्र अर्धी खरी निघाली, आणि ते कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

कुत्र्यांविषयी जुन्या ग्रंथांत लिहिले गेले ते शिकारीच्या निमित्ताने. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘सारमेयविनोद’ असा कुत्र्यांचा स्वतंत्र भाग आहे. पेण-रोह्याच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकूर शिकारीसाठी कुत्री बाळगत, धनगरांची कुत्री कळपामागे फिरत. कामाच्या कुत्र्याला किंमत होती. पिल्लाला नव्हती. एका वेतात पाच-सहा पिल्ले होत, त्यांतली एक-दोन वाचत, आणि एवढे जगणे हीच रीत मानली जाई. पिल्लाच्या जुलाबावर कोणी वैद्य बोलावल्याचे वर्णन अशा समाजात शोधण्यात अर्थ नाही.

एका वस्तूचा प्रवास मात्र रायगडच्या वाचकाला रंजक वाटेल. श्रीवर्धनची सुपारी प्रसिद्ध आहे. सुपारीचे ताजे चूर्ण हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये कुत्र्यांचे सर्वांत नावाजलेले जंतनाशक होते. कुत्र्याच्या वजनाच्या दर पौंडामागे २ ग्रेन, असे त्याचे प्रमाण शिकारी कुत्र्यांवरच्या पुस्तकांत दिले जाई. १८८८ मध्ये यान्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुपारीतून अॅरेकोलीन वेगळे काढले, आणि त्याचे क्षार पुढे पाऊण शतक कुत्र्यांना दिले गेले. न्यूझीलंडने कुत्र्यांच्या पट्टकृमीमुळे होणाऱ्या हायडेटिड रोगाविरुद्धच्या १९५९ च्या कायद्यानंतर देशभरातल्या कुत्र्यांना ठरलेल्या दिवशी हेच औषध पाजले. अॅरेकोलीन पट्टकृमीला लुळे करते आणि त्याच वेळी कुत्र्याला जोरदार जुलाब करवते, त्यामुळे कृमी बाहेर पडतो. लहान पिल्लाला मात्र ते धोक्याचे, आणि पिल्लाचे खरे शत्रू पट्टकृमी नसून गोल जंत व अंकुशकृमी. म्हणजे जी सुपारी जगभर कुत्र्यांचे औषध म्हणून गेली, ती तिच्या मुलखातल्या पिल्लाच्या फारशी उपयोगाची नव्हती.

संस्थात्मक उपचार सुरू झाले ते मुंबईत, आणि त्याचा पहिला धागाही कुत्र्यांशीच जोडलेला आहे. १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध मुंबईत पारशी समाज रस्त्यावर आला, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळीने जनावरांना आसरा दिला, पण एका आवारात पुष्कळ कुत्री ठेवली की तिथली जमीन अंड्यांनी भरते, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी मुंबईची संस्था निघाली, पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले, आणि त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य.

वडखळहून परळ फार दूर नव्हते. धरमतरच्या बंदरातून मुंबईला बोटी जात. पण सरकारी पशुवैद्यक खात्याचे लक्ष बैलावर, घोड्यावर आणि बुळकांडीवर होते, आणि ते साहजिक होते. भातशेतीच्या मुलखात बैल मेला तर घर बुडे. कुत्र्यासाठी पशुवैद्य हा साहेबाच्या आणि शहरातल्या श्रीमंताच्या घरचा विषय राहिला.

या काळात खरी उलथापालथ झाली ती सूक्ष्मदर्शकाखाली. कुत्र्याच्या अंकुशकृमीचे वर्णन एर्कोलानी याने १८५९ मध्ये केले होते. पण जंत पोटात शिरतो कसा, याचे उत्तर कैरोमध्ये मिळाले. आर्थर लूस याच्या हातावर प्रयोगाच्या वेळी अंकुशकृमीच्या अळ्या असलेले पाणी सांडले, त्वचा खाजली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत अंडी दिसू लागली. अळी कातडीतून शिरते हे त्याने १८९८ मध्ये जाहीर केले. म्हणजे पिल्लाने माती खाल्लीच पाहिजे असे नाही. ओल्या मातीवर पोट टेकून झोपले तरी पुरे. १९२१ मध्ये फ्युलबॉर्न याने दाखवले की गोल जंताच्या अळ्या गाभण कुत्रीच्या अंगातून गर्भातल्या पिल्लांत जातात. आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांना अंकुशकृमीच्या अळ्या कुत्रीच्या दुधात सापडल्या.

हे तीन शोध एकत्र ठेवले की वडखळच्या पडवीतले कोडे सुटते. कुत्रीच्या स्नायूंत व इतर अवयवांत गोल जंताच्या अळ्या सुप्त पडून असतात. कुत्री दिसायला धडधाकट असते, तिच्या विष्ठेत अंडीही नसतात. गर्भारपणाच्या साधारण बेचाळिसाव्या दिवसापासून या अळ्या जाग्या होऊन नाळेवाटे पिल्लांत उतरतात. पिल्लू जन्मते तेच जंत घेऊन, आणि तीन आठवड्यांचे होते तोवर त्याच्या पोटातल्या माद्या अंडी घालू लागतात. एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. अंकुशकृमी दुधातून येतो. तो जेमतेम एक ते दोन सेंटिमीटरचा, पण आतड्याला चावून रक्त पितो, एकेक कृमी दिवसाला ०.१ मिलिलिटरपर्यंत. अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असते ४० ते ४५ मिलिलिटर. १०० कृमी झाले तर दिवसाला १० मिलिलिटर जाते. अशी पिल्ले कधी कधी विष्ठेत एकही अंडे दिसण्याआधीच, दोन-तीन आठवड्यांची असताना, पांढरी पडून मरतात. घरच्यांना वाटते, नजर लागली किंवा थंडी बाधली.

औषधाने बरे होऊन पुन्हा आजारी पडण्याचे कारणही इथेच आहे. जंतनाशक औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारते. फुप्फुसातून, यकृतातून प्रवास करणाऱ्या अळ्यांपर्यंत ते नीट पोचत नाही. दोन आठवड्यांनी त्या अळ्या आतड्यात येऊन मोठ्या होतात. शिवाय पिल्लू त्याच आईचे दूध पीत असते आणि त्याच मातीवर झोपत असते.

अंडी ओळखण्याची सोपी रीतही १९२१ चीच. विलिस या ऑस्ट्रेलियातील संशोधकाने विष्ठा मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवली. अंडी हलकी असल्याने वर तरंगली आणि काचपट्टीला चिकटली. पेण तालुक्यात मिठागरांच्या कडेला राहणाऱ्यांना याची गंमत वाटावी: निदानाला लागणारे रसायन अंगणापलीकडेच होते, नव्हता तो सूक्ष्मदर्शक. भारतातल्या पाळीव जनावरांच्या कृमींची शास्त्रीय यादी मुक्तेश्वरच्या संस्थेत काम करणाऱ्या जी. डी. भालेराव यांनी केली आणि ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. गावठी कुत्र्याच्या आतड्यात काय काय असते, याची नोंद घेणारा ग्रंथ त्यामुळे पशुवैद्यांच्या हाती आला.

औषधांचा पुढचा प्रवास झपाट्याने सांगता येतो. १९२१ मध्ये मॉरिस हॉल याने कुत्र्यांवर कार्बन टेट्राक्लोराइड वापरून अंकुशकृमी पाडले. औषध जालीम होते, यकृत जाळत असे, आणि अंगात कॅल्शियम कमी असलेल्या कुत्र्यांना तर मारकच ठरे. १९२५ मध्ये टेट्राक्लोरोएथिलीन आले, जरा सौम्य. कलकत्त्याचे आर. एन. चोप्रा आणि एसा चँडलर यांनी माणसांच्या व जनावरांच्या जंतनाशकांवर १९२८ मध्ये एकत्र पुस्तक लिहिले. १९५० च्या दशकात पिपरेझीन आले. एकेकाळी संधिवातावर म्हणून चाचपून पाहिलेले हे रसायन गोल जंतांवर उत्तम निघाले, आणि लहान पिल्लाला निर्धास्तपणे देता येईल असे पहिले औषध हेच. त्यानंतर १९६६ मध्ये पायरँटेल, १९७० च्या दशकात मेबेंडाझोल, फेनबेंडाझोल आणि पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल. वावडिंगापासून इथवर यायला दोन हजार वर्षे लागली आणि शेवटची मजल वीस-पंचवीस वर्षांत संपली.

ही औषधे गावात पोचण्याचा मार्ग गुरांच्या दवाखान्यातून गेला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मोठे जाळे त्यांच्याकडे आले. लोक त्याला गुरांचा दवाखानाच म्हणतात, आणि त्याची रचनाही गुरांसाठीच आहे: औषध बाटलीतले, मात्रा शेकडो किलोच्या जनावराची. यातून एक चूक वारंवार होते. गाय-बैलाला फेनबेंडाझोल किलोमागे ५ ते ७.५ मिलिग्रॅम एकदाच दिले तरी भागते. कुत्र्याला तेच औषध किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस लागते. गुरांच्या हिशेबाने पाजलेला एक चमचा पिल्लाचे थोडे जंत पाडतो आणि बाकीचे ठेवतो. उलट, मुलांसाठी शाळेत मिळणारी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी पिल्लाला देणे घातक आहे. कुत्र्याच्या अस्थिमज्जेवर या औषधाचा वाईट परिणाम होतो. आयव्हरमेक्टिनचे गुरांचे इंजेक्शन हाही असाच धोका, विशेषतः कोली आणि तिच्या जवळच्या जातींच्या कुत्र्यांत, ज्यांच्यात हे औषध मेंदूत शिरू न देणारे जनुक सदोष असू शकते.

१९७८ मध्ये जगात पार्व्होचा विषाणू पसरला आणि काही वर्षांत भारतातही आला. तेव्हापासून पिल्लाची रक्ताची हगवण म्हणजे जंतच, असे मानणे जिवावर बेतू लागले. पार्व्होचे पिल्लू दोन-तीन दिवसांत कोसळते, खाणे सोडते, सारखे ओकते. त्याला जंताचे औषध नव्हे तर शिरेतून पाणी लागते. जंतांच्या पिल्लाचे आजारपण रेंगाळते, भूक पुष्कळदा टिकून असते. आणखी एक गट आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय परजीवींचा: जिआर्डिया आणि कॉक्सिडिया. नेहमीच्या जंतनाशकाच्या एका मात्रेने ते जात नाहीत. महिनोन्‌महिने येणारी बुळबुळीत, दुर्गंधीची पातळ विष्ठा बहुधा जिआर्डियाची असते. त्याच्या गाठी रोज विष्ठेत येत नाहीत, म्हणून एका नमुन्यात काही दिसले नाही तर वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने तपासावे लागतात. औषध संपताना पिल्लाला आंघोळ घालून मागच्या भागाचे केस स्वच्छ केले नाहीत, तर ते स्वतःला चाटून पुन्हा आजार घेते. पिसवा मारल्या नाहीत तर पट्टकृमीही परत येतो, कारण त्याची अळी पिसवेच्या पोटातून येते. गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्याएवढे हलणारे तुकडे दिसले की तो ओळखावा.

औषध जितके सोपे झाले तितके ते बेहिशेबी दिले जाऊ लागले, आणि जंतही बदलले. ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला गेलेल्या ग्रेहाउंड पिल्लांत पायरँटेलला न जुमानणारे अंकुशकृमी १९८७ मध्ये नोंदले गेले. २०१९ पर्यंत अमेरिकेत एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे अंकुशकृमी सापडले. म्हणून चरकाचा मागे पडलेला तिसरा भाग, कारण टाळण्याचा, आता आधुनिक पशुवैद्यकाने पुन्हा पुढे आणला आहे.

त्यात माणसाचाही स्वार्थ आहे. १९५२ मध्ये बीव्हर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कुत्र्याच्या गोल जंताच्या अळ्या लहान मुलांच्या यकृतात आणि इतर अवयवांत फिरून आजार करतात. त्या डोळ्यातही शिरतात. कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीखाली वळवळत्या लाल रेषा काढते. पण गोल जंताचे अंडे ताज्या विष्ठेत बाधणारे नसते. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावरच ते बाधते, आणि मग वर्षानुवर्षे टिकते. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीत आठवडाभरात तयार होते. म्हणून अंगणातली विष्ठा रोज उचलून खोल पुरणे हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय ठरतो. पिल्लांची जागा ओल्या मातीवरून उचलून कोरड्या फरशीवर किंवा फळीवर करणे हा दुसरा.

आजची मान्य रीत अशी: पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की पहिली मात्रा, तीही वजन करून, मग दूध तुटल्यानंतर दोन आठवडे होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पिल्लांना औषध दिले जाईल त्याच दिवशी ते त्यांच्या आईलाही द्यावे. एवढे करूनही विष्ठा पातळच राहिली, तर आणखी एक जंताची बाटली आणण्याऐवजी विष्ठेचा ताजा नमुना घेऊन पेणच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.